सहा आकडे आणि बेरीच्या वड्या

मांजर आणि देवमासा यांचं लग्न लावायचं झालं, तर मांडव केवढा घालावा लागेल?

हसू नका, बॉस. हा प्रश्न जगभरातल्या पोकेमॉनवेड्यांनी गेली वीसेक वर्षं चवीनं चघळलाय. स्किटी नावाचं गुलाबी मांजर, उंची ०.६ मीटर, वजन ११ किलो. वेलॉर्ड नावाचा देवमासा, लांबी १४.५ मीटर, वजन ३९८ किलो. (एवढ्या धुडाचं वजन एवढंसंच कसं, हा वेगळा वाद. त्यात नको पडायला.) तर हे दोघं एकाच ‘एग ग्रुप’मध्ये येतात. म्हणजे दोघांना डे-केअरमध्ये सोडा, जरा फिरून या, की बाहेर उभे असलेले आजोबा सांगणार, अहो, तुमच्या पोकेमॉनजवळ एक अंडं सापडलं, कुठून आलं देवच जाणे! आई मांजर असेल तर अंड्यातून मांजर, आई देवमासा असेल तर छोटा देवमासा.

ते आजोबा मला प्रचंड आवडतात. पोकेमॉनच्या अख्ख्या जगात अंडं नेमकं येतं कुठून, हे कुणालाच माहीत नसतं. शाळेत बाईंनी प्रजननाचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून दिला होता ना, अगदी तसंच. (धडा सगळ्यांनी वाचला होता. तो एकच.)

गेल्या आठवड्यात वीकेंडला मातीची भांडी करायला जाणाऱ्यांवर लिहिलं, तेव्हा दोघा-तिघांनी टोमणा मारला की तू नेहमी हाताला माती लागणारेच छंद घेतेस. घ्या मग. आजचा छंद असा, की त्यात हाताला काहीच लागत नाही, फक्त अंगठा दुखतो. प्राण्यांची पैदास करायची, त्यांना वाढवायचं, प्रदर्शनात उभं करायचं, आणि यातला एकही प्राणी पृथ्वीवर अस्तित्वात नाही!

ज्यांचं पोकेमॉन म्हणजे २००३ साली कार्टून नेटवर्कवर हिंदी बोलणारा ॲश आणि चिप्सच्या पाकिटातले टाझो, त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा. पोकेमॉन आधी गेम होता, कार्टून नंतर झालं. २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये गेमबॉयवर ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ आले. डोकं सातोशी ताजिरी यांचं. टोकियोजवळच्या माचिदात त्यांचं लहानपण किडे पकडण्यात गेलं. मग शहर वाढलं, शेतं-तळी बुजली, किडे गेले. ती किडे गोळा करण्याची मजा पुढच्या पोरांना खिशातल्या यंत्रात मिळावी, असं त्यांच्या मनात होतं. गेम रोल-प्लेइंग प्रकारातला, म्हणजे तुम्हीच एक शाळकरी पोर होऊन गावोगाव भटकायचं, प्राणी पकडायचे, त्यांच्या झुंजी लावायच्या.

पहिल्या गेममध्ये पैदास नव्हती. ती आली नोव्हेंबर १९९९ मध्ये, ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’बरोबर. प्राण्यांमध्ये नर-मादी आले, पिचूसारखी तान्ही रूपं आली, आणि गोल्डनरॉड शहराच्या दक्षिणेला, रूट ३४ वर, आजी-आजोबांच्या डे-केअरमध्ये एकाऐवजी दोन पोकेमॉन ठेवता येऊ लागले. बस्स, एवढाच बदल. पण रानात जाळं घेऊन फिरणारा खेळाडू त्यानंतर गोठ्यात बसून वंशावळ लिहायला लागला.

आता थोडं गणित. घाबरू नका, एकदाच येणार आहे.

२००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’पासून प्रत्येक पोकेमॉन जन्मतो तो सहा छुपे आकडे घेऊन. जीव, हल्ला, बचाव, खास हल्ला, खास बचाव आणि वेग. प्रत्येक आकडा ० ते ३१ मधला. रुबीच्या स्क्रीनवर तो कुठेही दिसत नाही, आणि जन्मानंतर तुम्ही काहीही करा, बदलत नाही. सहाच्या सहा आकडे ३१ असलेला प्राणी सहज रानात सापडण्याची शक्यता किती? कागदावर मांडलं तर १०७ कोटींत एक. शिवाय स्वभाव नावाचं प्रकरण आहेच. हट्टी, लाजरा, चंचल, असे २५ स्वभाव. बहुतेक स्वभाव एक गुण दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा दहा टक्क्यांनी कापतात. हवा तोच स्वभाव आणि सहाही आकडे परफेक्ट म्हटलं, तर २,६८४ कोटींत एक. पृथ्वीची लोकसंख्या पुरायची नाही.

म्हणून पैदास. पिल्लाला आई-बापाकडून आकडे मिळतात. रुबीच्या काळात जास्तीत जास्त तीन, बाकीचे नशिबाचे. जात आईची. एरवी कधी शिकता येणार नाहीत अशा काही चाली बापाकडून. मग लोक काय करतात? वेग ३१ असलेला नर शोधायचा, हल्ला ३१ असलेली मादी शोधायची, त्यांच्या पिल्लांतलं उत्तम निवडायचं, त्याची जोडी लावायची, पुन्हा पिल्लं, पुन्हा निवड. नात्यातलं लग्न चालतं का? रुबीपासून बिनधास्त चालतं. गोल्ड-सिल्व्हरमध्ये निदान एक लाजलज्जा होती. दोघांचे ठराविक आकडे जुळले की गेम त्यांना सगोत्र समजायचा आणि जोडीच नाकारायचा!

अंडं उबवायचं म्हणजे ते बरोबर घेऊन चालायचं. मॅजिकार्पचं अंडं साधारण १,२८० पावलांत फुटतं, ड्रातिनीचं दहा हजारांच्या वर जातं. म्हणून सायकल काढायची आणि एकाच रस्त्यावर वर-खाली, वर-खाली. २००४ च्या ‘एमराल्ड’मध्ये एक भारी सोय झाली. ज्याच्या अंगातच आग आहे असा पोकेमॉन बरोबर ठेवला की पावलं निम्मी लागतात. उबवायला विस्तव हवाच, हे जपान्यांनाही पटलं म्हणायचं.

मी हा उद्योग मास कॉमच्या शेवटच्या वर्षी केलाय. हॉस्टेलवर, रूममेटच्या थ्रीडीएसवर. डावा अंगठा गोल गोल, उजव्या हातात वडापाव, समोर मीडिया लॉजची उघडी वही. दोनशेच्या वर ईव्ही जन्माला घातले असतील. तोवर काम बरंच सोपं झालं होतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘एक्स’ आणि ‘वाय’ आले, आणि डेस्टिनी नॉट नावाच्या लाल दोऱ्याला नवं काम मिळालं. आई-बापापैकी एकाकडे तो दिला, की दोघांच्या मिळून बारा आकड्यांतले पाच पिल्लाकडे येतात. रूममेट एक्सेलमध्ये तक्ता ठेवायची. मी अंडी फोडायची, ती खोडायची. ‘पाच आहेत, पण वेग गेला. नेक्स्ट.’

नेक्स्ट! हा शब्द पुढे मला फार ठिकाणी ऐकू आला. सध्या माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. (आई, वाचते आहेस ना? मी लिहिणार म्हणून सांगितलं होतं.) उंची, रंग, शिक्षण, पॅकेज, फ्लॅट, पत्रिका. मोजून बघा, सहाच निघतात. ‘सगळं छान आहे हो मुलाचं, पण फ्लॅट चिंचवडला.’ पाच आहेत, पण वेग गेला.

असो. मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. एक परफेक्ट मिळेपर्यंत जे दीडशे-दोनशे निघाले, त्यांचं काय?

खेळाडूंमध्ये त्यांना नावही आहे, ब्रीडजेक्ट. ब्रीड केलेला रिजेक्ट. रुबीमध्ये पोकेमॉन ठेवायला १४ बॉक्स, प्रत्येकात ३०, म्हणजे एकूण ४२० जागा. एक्स-वायमध्ये ९३०. पैदाशीला बसलात की त्याही भरतात. मग रिलीज करायचं. बटण दाबलं की गेम विचारतो, नक्की? नक्की म्हटलं की बाय-बाय म्हणतो आणि तो प्राणी कायमचा जातो. जंगलात बिंगलात जात नाही, नुसता पुसला जातो. माझी रूममेट हे काम परीक्षेच्या फॉर्मवर सह्या केल्यासारखं करायची. तीस प्राणी, तीस बाय-बाय, पाच मिनिटं. मी करताना प्रत्येकाचं नाव वाचायचे, म्हणून माझे बॉक्स कायम तुंबलेले.

एक्स-वायमध्ये यावर एक फार गोड तोडगा निघाला होता, वंडर ट्रेड. तुमचा कुठलाही पोकेमॉन द्या, जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाचा घ्या, कोण ते विचारायचं नाही. पैदास करणारे आपले ब्रीडजेक्ट त्यात सोडायचे. त्यांच्या लेखी तो एका आकड्यानं हुकलेला माल. पण कुठल्या तरी देशात नुकताच गेम उघडलेल्या दहा वर्षांच्या पोराला बदल्यात काय मिळालं? चार-पाच आकडे ३१ असलेलं पिल्लू, वर बापाकडून आलेली खास चाल! त्या पोरासाठी ते त्याच्या टीममधलं सगळ्यात भारी जनावर. आम्ही सोडलेले ईव्ही कुठे कुठे गेले, कुणास ठाऊक. एप्रिल २०२४ मध्ये थ्रीडीएसची ऑनलाइन सेवा बंद झाली आणि तिथला वंडर ट्रेडही त्याबरोबर गेला.

आता मी या गेममधल्या माझ्या सगळ्यात लाडक्या जागेकडे येते. तिथे या सहा आकड्यांना कुणी विचारतच नाही.

रुबी-सफायरमध्ये झुंजीच्या मैदानाखेरीज दुसरा एक मंच आला, कॉन्टेस्ट. प्रकार पाच: रुबाब, सौंदर्य, गोडवा, हुशारी आणि दणकटपणा. पायऱ्या चार, चार वेगवेगळ्या गावांत. व्हर्डनटर्फला सुरुवात आणि लिलीकोव्हला मास्टर रँक. प्रत्येक विजयाला एक रिबन, म्हणजे एकूण वीस. (कार्टूनमधली मे हेच करायची, आठवतंय? ॲश बॅजमागे, ती रिबनमागे.)

एका वेळी चार स्पर्धक. पहिल्या फेरीत नुसतं उभं राहायचं, प्रेक्षक रूप बघून मत देतात. दुसऱ्या फेरीत पाच वेळा आपली एकेक चाल सादर करायची. ज्या चालींनी मैदानात समोरच्याला लोळवतात, त्याच इथे फक्त देखण्या दिसल्या पाहिजेत. आधी पाऊस पाडायचा, मग त्या पावसात लाट उठवायची, अशी जोडी जमली की प्रेक्षक खूश. आणि हो, हे काही सोज्वळ स्नेहसंमेलन नाही. आधी सादर करून गेलेल्याचे मार्क खाण्याच्या चालीही आहेत, आणि सगळे वापरतात. मी तर पहिल्यांदा.

पहिल्या फेरीतलं रूप ठरतं कशावरून? वंशावर नाही. लेव्हलवर नाही. गळ्यात योग्य रंगाचा स्कार्फ असला तर थोडी मदत होते. बाकी सगळं, याला लहानपणापासून काय खाऊ घातलंय यावर.

खाऊ म्हणजे पोकेब्लॉक, बेरीच्या रंगीत वड्या. त्या विकत मिळतात तर कशाला? बेरी मातीत लावायची, झारीनं पाणी घालायचं आणि वाट बघायची. कार्ट्रिजमध्ये खरं घड्याळ आहे, त्या घड्याळाचे खरे तास जावे लागतात. मग बेरी आल्या की कॉन्टेस्ट हॉलमधल्या ब्लेंडरमध्ये टाकायच्या, काटा आपल्यासमोर आला की नेमकं बटण दाबायचं. तिखट वडी लाल, ती रुबाबासाठी. गोड गुलाबी, गोडव्यासाठी. कडू हिरवी हुशारीला, आंबट पिवळी दणकटपणाला. सौंदर्यासाठी निळी. तिच्या चवीला इंग्रजीत ‘ड्राय’ म्हटलंय आणि ते वाचून काही म्हणजे काही कळत नाही. जपानीतला मूळ शब्द सरळ आपल्या ‘तुरट’चा भाऊ आहे. जांभूळ, सुपारी, कच्चं केळं. सुंदर व्हायचं तर तुरट खा! आमच्या आजीचं म्हणणं काय वेगळं होतं?

यातली गोम अशी, की प्रत्येक वडीबरोबर अंगावर तुकतुकी चढते, आणि तुकतुकीला मर्यादा आहे. २५५ झाली की पोट भरलं. त्यानंतर तो प्राणी आयुष्यात एकही वडी खात नाही. आधी वाट्टेल ते भरवून बसलात तर खाल्लेलं परत काढता येत नाही. वडी जितकी मऊसूत, तितकी तुकतुकी कमी खर्ची पडते, म्हणजे जास्त वड्या मावतात. आणि वडी मऊसूत कधी होते? ब्लेंडरभोवती जास्त माणसं असली की. एकट्याच्या मिक्सरमधली वडी जाडीभरडी, चौघांनी मिळून केलेली उत्तम. मला गेममधल्या सगळ्या नियमांत हा नियम सगळ्यात जास्त आवडतो.

जन्माचा इथे अगदीच हात नाही असं नाही. स्वभावाप्रमाणे आवडनिवड असते; आवडीची चव जास्त लागू पडते, नावडतीची कमी. पण तेवढंच.

आणि याच मंचासाठी एक मासा बनवलाय. फीबास. मळकट, फाटक्या कल्ल्यांचा, मैदानात कुचकामी, ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही असा. तो मिळतोही छळवादी पद्धतीनं. रूट ११९ च्या नदीत पाण्याचे शेकडो चौकोन आहेत, त्यातल्या फक्त ६ चौकोनांत तो सापडतो. आणि डिउफर्ड गावातल्या पोरांच्या तोंडी असलेला फॅशनेबल शब्द बदलला, की ते सहा चौकोनही बदलतात! एवढं करून हाती येतो तो हा. त्याला तुरट वड्या भरवत राहायच्या. सौंदर्य १७० च्या वर गेलं आणि मग एक लेव्हल वाढली, की त्याचं मिलोटिक होतं. लांबसडक, गुलाबी भुवयांचं, इंद्रधनुषी शेपटीचं, अख्ख्या होएन प्रदेशातलं सगळ्यात देखणं जनावर. कितीही लढवून फीबास सुंदर होत नाही. फक्त भरवून होतं.

मास्टर रँक झोकात जिंकली तर एक चित्रकार तुमच्या पोकेमॉनचं चित्र काढतो, आणि ते लिलीकोव्हच्या म्युझियममध्ये लागतं. पाच प्रकारांची पाच चित्रं. तुम्ही कधीही जाऊन बघू शकता, बाकी लोक समोर उभे असतात.

आपल्याकडे ‘खाण तशी माती’ म्हणायची पद्धत आहे. गंमत म्हणजे हाच गेम डे-केअरमध्ये ते खरं मानतो आणि कॉन्टेस्ट हॉलमध्ये साफ खोटं. खेळाडूंचा कौल मात्र कायम डे-केअरच्या बाजूनं पडला. २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये कॉन्टेस्ट होती, वड्यांऐवजी पॉफिन नावाचे केक होते. २०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मध्ये ती काढूनच टाकली. मग फीबासचं काय? त्याला प्रिझम स्केल नावाचा एक चकचकीत खवला द्यायचा आणि दुसऱ्या खेळाडूशी ट्रेड करायचा, झालं मिलोटिक. भरवण्याचा खटाटोप नाही. (एकदम इन्स्टंट नूडल्स.) पुढे जुन्या गेमच्या नव्या आवृत्त्यांत, २०१४ मध्ये आणि २०२१ मध्ये, कॉन्टेस्ट पाहुणीसारखी येऊन गेली. नव्या प्रदेशांच्या गेममध्ये तिला जागा मिळाली नाही.

दरम्यान जन्माच्या आकड्यांवरही औषध निघालं. २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’मध्ये हायपर ट्रेनिंग आलं. बाटलीचं बूच द्या, कमी आकडा ३१ सारखा काम करतो. २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये पुदिन्याची पानं आली, स्वभावाचा परिणाम बदलणारी. म्हणजे आता कुठलाही ब्रीडजेक्ट मैदानात उतरू शकतो. फक्त त्याच्या पिल्लाला मिळतात ते जुनेच, जन्माचे आकडे. क्लासची फी भरली, सर्टिफिकेट मिळालं, पण बायोडेटावर आडनाव तेच!

हे सगळं आत्ता का, तर माझ्या मावसभावामुळे. दादा हिंजवडीत आयटीत आहे. २००४ साली दुबईहून आलेल्या त्याच्या काकांनी गेमबॉय ॲडव्हान्स आणि रुबीचं कार्ट्रिज आणलं होतं. आम्ही बाकीची भावंडं पीसीवर एमुलेटरवर खेळलो, खरं यंत्र फक्त दादाकडे. परवा त्यानं ते वीस वर्षांनी उघडलं, तर पहिल्याच पडद्यावर सूचना: आतली बॅटरी संपली आहे, खेळ चालेल, पण घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी होणार नाहीत.

हे त्याचं नशीब म्हणायचं. गोल्ड-सिल्व्हरच्या मूळ कार्ट्रिजमध्ये सेव्ह केलेला सगळा खेळ त्या बटणाएवढ्या बॅटरीच्या जिवावर असतो. ती मेली की पाळलेला, वाढवलेला एकूण एक प्राणी गेला. रुबीत सेव्ह वाचतं, घड्याळ तेवढं थांबतं. दादाच्या मातीत २००६ साली लावलेल्या बेरीची रोपं होती तशीच उभी आहेत. आता त्यांना कधीच फळ धरणार नाही.

‘म्हणजे वड्या संपल्या,’ दादा म्हणाला. ‘आता यांना बाहेर काढायचं.’

बाहेर काढायचं म्हणजे नव्या गेममध्ये न्यायचं. रस्ता आहे, पण असा: गेमबॉयचं कार्ट्रिज जुन्या डीएसच्या खालच्या खाचेत घालायचं, डायमंडमधल्या पाल पार्कमध्ये प्राणी उतरवायचे, तिथून दुसरा डीएस वापरून ब्लॅकमध्ये, तिथून थ्रीडीएसवरच्या पोकेमॉन बँकेत, तिथून २०२० मध्ये सुरू झालेल्या पोकेमॉन होममध्ये. प्रत्येक पायरी एकतर्फी, मागे येणं नाही. आणि थ्रीडीएसचं दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, त्यामुळे ज्यांनी बँक आधी उतरवून घेतली नाही त्यांचा रस्ता मधेच तुटला. दादानं घेतली होती. वहिनी म्हणते, ‘एवढ्या कागदपत्रांत आपला व्हिसा झाला असता.’

पण मिळतं काय, तेही बघा. कॉन्टेस्टमध्ये मिळवलेल्या रिबन बरोबर जातात. वेगवेगळ्या न राहता त्यांची एकच ‘मेमरी रिबन’ होते, पण ती कायम राहते. जगात असे लोक आहेत जे एकाच पोकेमॉनला २००२ च्या गेमपासून आजपर्यंत सगळ्या गेममधून फिरवतात आणि मिळेल ती प्रत्येक रिबन त्याला मिळवून देतात. ‘रिबन मास्टर’ म्हणतात त्याला. मला हा सगळ्या पैदाशीपेक्षा वरचा प्रकार वाटतो. दोनशेतून एक निवडायचा नाही, एकालाच वीस वर्षं सांभाळायचं.

पाल पार्कमध्ये एका वेळी बरोब्बर सहा न्यावे लागतात. पाच नाही, सात नाही. दादाचे पाच ठरलेलेच होते, म्युझियममधल्या चित्रांतले. ब्लेझिकेन, डेल्कॅटी, अब्सोल, ॲग्रॉन आणि अर्थातच मिलोटिक.

‘सहावा?’ मी विचारलं.

‘टाकतो एखादा झिगझगून.’ झिगझगून म्हणजे होएनमधलं गल्लीतलं कुत्रं, पावलोपावली भेटणारं.

दादाची सात वर्षांची मुलगी तोवर बॉक्स चाळत होती. चौदाव्या बॉक्समध्ये तिला एक फीबास सापडला. फीबास नव्हे, सापडली. मादी. ‘आत्या, ही मासोळी एवढी चकचकीत कशी?’

दादा जरा वेळ बोललाच नाही. मग सांगितलं. पकडलेली पहिली फीबास ती. ‘ॲडमंट’ स्वभावाची, म्हणजे हट्टी, आणि हट्टी स्वभावाला नेमकी तुरट चव नावडते. चौदा वर्षांच्या दादाला हे कुठे माहीत? त्यानं लाल, पिवळ्या, हाताला लागतील त्या वड्या भरवल्या. तुकतुकी २५५, सौंदर्य अर्ध्यावर. पोट भरलं, मिलोटिक होण्याचा रस्ता बंद. मग त्यानं तिला डे-केअरमध्ये ठेवलं. तुकतुकी काही वारशात जात नाही, पिल्लू कोऱ्या पाटीचं येतं. तिची मुलगी म्हणजेच म्युझियममध्ये चित्र लागलेलं ते मिलोटिक. आई वीस वर्षं चौदाव्या बॉक्समध्ये.

‘मग हिला का नाही न्यायचं?’

झिगझगून रद्द झाला. रविवारी दुपारी दादानं पाल पार्क उघडलं. तिथे आपलेच सहा प्राणी गवतात, डोंगरात, पाण्यात सोडलेले असतात आणि ते पुन्हा पकडायचे असतात, वेळ लावून. पार्क बॉल चुकत नाही. पाण्यातून ती आली तेव्हा घरात एवढा आरडाओरडा झाला की खालच्या काकूंनी बेल वाजवली.

ब्लॅकमध्ये पोचली की प्रिझम स्केल आणि एक ट्रेड, एवढ्यावर तिचं मिलोटिक होऊ शकतं. दादानं वहिनीला दुसरा डीएस हातात धरून बसायला आधीच तयार केलंय. मुलीचा मात्र विरोध आहे. तिला ती मासोळीच हवी आहे. यावर घरात अजून एकमत नाही, आणि माझं मत विचारलं तर मीही मासोळीच्या बाजूची.

पुढचे सहा २४ तासांनी. मुलीनं चौदाव्या बॉक्समधली यादी गृहपाठाच्या वहीत लिहून ठेवली आहे. त्यात तीन झिगझगून आहेत.